जुन्या बागेच्या ट्रॅक्टरची सीट पुन्हा पुन्हा का खचते: तपासणी आणि घरच्या घरी दुरुस्ती

लक्षणं

नवं रेक्झिन टाकून वर्ष झालं नाही तोच शिवण उसवली. सीट एका अंगाला कलली, बहुतेक वेळा डावीकडे. चाक खड्ड्यात गेलं की खालून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज येतो. खड्डा मागे पडला तरी सीट बराच वेळ वर-खाली डोलत राहते. पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी बसलं की पँट ओली होते. आणि दिवसभर ब्लोअर (ट्रॅक्टरमागचं औषध फवारायचं यंत्र) चालवला की रात्री कंबर धरते, सकाळी वाकता येत नाही.

यातली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसत असतील तर फक्त कव्हर बदलून काहीही साधणार नाही. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागेत चालणारे १८ ते २२ एचपीचे अरुंद ट्रॅक्टर मी दुरुस्त करून पुन्हा कामाला लावतो. इंजिन, पंप, क्लच सगळं नीट होतं, रंग लागतो, ट्रॅक्टर नव्यासारखा दिसतो. आणि पुढच्या हंगामात मालक सीटची तक्रार घेऊन येतात. कारण सीटचं काम सगळ्यात शेवटी, उरलेल्या पैशांत, कुशनवाल्याकडे टाकलेलं असतं. कुशनवाला त्याचं काम चोख करतो. दोष त्याच्या हाताखाली येतच नाही, तो रेक्झिनच्या खाली असतो.

सीट एवढी महत्त्वाची का

जीपला किंवा टेम्पोला चाक आणि बॉडी यांच्यामध्ये पाटे असतात. ट्रॅक्टरचा मागचा धुरा थेट गिअरच्या बिडाच्या घराला बोल्टनं आवळलेला असतो, मध्ये स्प्रिंग नाही. म्हणजे जमिनीचा हादरा आणि तुमचा मणका यांच्यामध्ये दोनच मऊ गोष्टी उरतात: टायर आणि सीट. बसलेल्या माणसाचं धड सेकंदाला साधारण ४ ते ८ वेळा येणाऱ्या उभ्या हादऱ्यांना सर्वांत जास्त संवेदनशील असतं. सीटचं खरं काम हे हादरे मध्येच जिरवणं. ते होत नसेल तर वर कितीही सुंदर गादी असो, ती सीट बिघडलेलीच आहे. युरोपीय संघानं २००२ साली कामगारांच्या अंगाला बसणाऱ्या हादऱ्यांवर मर्यादा घातली: ८ तासांच्या हिशेबानं ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग ओलांडलं की मालकानं उपाय करायचे आणि १.१५ च्या वर जायचंच नाही. आपल्याकडे बागेत हे कुणी मोजत नाही, पण ट्रॅक्टर चालवणाऱ्याची कंबर तीच आहे.

आता तपासणी. क्रम सोडू नका. पहिल्या दोन तपासण्यांना जवळजवळ पैसे लागत नाहीत आणि बरेचदा अर्धी तक्रार तिथंच मिटते.

१. टायरची हवा आणि टायरमधलं पाणी

सीटची तक्रार असताना चाकाकडे बघायला सांगितलं की लोकांना नवल वाटतं. पंक्चरवाला सवयीनं रस्त्याच्या गाडीइतकी हवा भरून देतो. मागच्या चाकांना शेतकामासाठी साधारण १२ ते १६ पीएसआय पुरतात. पुढच्यांना जास्त लागते. तुमच्या टायरचा नेमका आकडा ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत किंवा टायरच्या कंपनीच्या तक्त्यात मिळेल, तोच अंतिम. मागच्या चाकात ३० भरली असेल तर टायर दबतच नाही आणि प्रत्येक ढेकूळ सरळ सीटच्या नटापर्यंत पोचतं. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजा. ट्रकच्या हवेचं गेज १२-१५ च्या आसपास नीट दाखवत नाही, कमी दाबाचं गेज घ्या.

चाक घसरू नये म्हणून आपल्याकडे टायरमध्ये पाणी भरतात, व्हॉल्व्हच्या पातळीपर्यंत, म्हणजे सुमारे तीन चतुर्थांश. पाणी दबत नाही. दबायला उरते ती फक्त वरची थोडी हवा. त्यामुळे पाणी भरलेला ट्रॅक्टर जास्त धक्के देतो. तुमच्या बागेची जमीन सपाट असेल आणि ओढायच्या ब्लोअरला एवढं वजन लागत नसेल तर पाणी कमी करून दोन दिवस चालवून बघा. उतारावर किंवा मागे जड अवजार उचलून चालवत असाल तर हा प्रयोग नको.

२. बोल्ट आणि सापटी

इंजिन बंद, हँडब्रेक लावलेला, चाकाला उटी. सीटची मागची बाजू दोन्ही हातांनी धरून आधी वर-खाली, मग डावी-उजवी हलवा. खटखट कुठून येते ते ऐका. एका माणसाला हलवायला लावून तुम्ही सांध्यावर बोट ठेवलं तर लगेच कळतं.

ढिला बोल्ट फक्त आवाज करत नाही. तो पत्र्यातलं भोक लांबट करतो, मग पत्रा तिथून चिरतो. म्हणून बोल्ट आवळण्याआधी एकदा काढून भोक बघा. गोल असेल तर ८.८ ग्रेडचा नवा बोल्ट, खाली जाड वॉशर आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, हादऱ्यानं ढिला न होणारा). अंडाकृती झालं असेल तर मोठा वॉशर टाकून झाकू नका, पाचव्या तपासणीपर्यंत थांबा.

३. पिन, बुश आणि ग्रीस

बऱ्याच छोट्या ट्रॅक्टरवर सीट पुढच्या बाजूला पिनवर उलटते आणि मागे दोन स्प्रिंगांवर किंवा रबरी बफरवर टेकते. काहींवर खाली कात्रीसारखी जोडणी, ताणाच्या स्प्रिंगा आणि एक शॉकअप, म्हणजे डोलणं थांबवणारा तेलाचा दांडा, असतो. दोन्हींत पिन आणि ती ज्यात फिरते ती नळी, म्हणजे बुश, झिजतात आणि डावी बाजू जास्त झिजते, कारण आपण ट्रॅक्टरवर डावीकडून चढतो आणि चढताना सीटचा काठ धरून अंग ओढतो. रोज दहा वेळा. सीट डावीकडे कलण्याचं हे सर्वांत नेहमीचं कारण.

पिन काढून नखानं तिच्यावर खाच लागते का बघा. लागली तर पिन आणि बुश दोन्ही नवे करा. लेथवाला जुना तुकडा बघून करून देतो. पिनऐवजी पूर्ण आट्यांचा बोल्ट घातलेला दिसला तर तो आधी काढा. आटे कानशीसारखे बुश खातात. बोल्टच घालायचा असेल तर ज्याचा गुळगुळीत भाग बुशच्या पूर्ण लांबीइतका आहे असा घ्या. कलतेपणाही मोजून घ्या: ट्रॅक्टर सपाट कोब्यावर उभा करून सीटच्या दोन्ही काठांपासून जमिनीपर्यंत टेप लावा. अंदाजानं कलतेपणा ठरवला तर कधी कधी दोष सीटचा नसून एका टायरमध्ये कमी हवा असल्याचा निघतो.

४. स्प्रिंग आणि शॉकअप

इथं थोडा वेळ द्या, कारण कंबरेचं दुखणं बहुतेक इथंच असतं.

रिकाम्या सीटची जमिनीपासूनची उंची मोजा. मग ट्रॅक्टर चालवणाऱ्या माणसालाच तिच्यावर बसवून पुन्हा मोजा. फरक म्हणजे स्प्रिंग किती दबली ते. स्प्रिंग १ सेंटीमीटरच दबली तर माणसासकट सीट सेकंदाला साधारण ५ वेळा डोलते, म्हणजे बरोब्बर त्या ४ ते ८ च्या वाईट पट्ट्यात. अशी सीट हादरा कमी करायच्या ऐवजी वाढवते. ४ सेंटीमीटर दबली तर अडीच वेळा, ६ दबली तर साधारण २ वेळा. म्हणजे सीट दबली पाहिजे, पण तळाला टेकता कामा नये. बसल्यावर ती तिच्या एकूण हालचालीच्या मध्यावर यायला हवी. वर आणि खाली सारखी जागा उरली पाहिजे. कात्रीच्या सीटला बसणाऱ्याच्या वजनाप्रमाणे लावायची मूठ असते, ती फिरवून हा मध्य साधा. सकाळी ५५ किलोचा पोरगा आणि दुपारी ९० किलोचे काका एकाच जागी मूठ ठेवून चालवत असतील तर दोघांपैकी एकाची कंबर नक्की जाणार.

साध्या दोन स्प्रिंगांच्या सीटला मूठ नसते. तिथं दोन्ही स्प्रिंगा काढून शेजारी शेजारी उभ्या करा. उंचीत फरक दिसला तर जोडीच बदला, एक नवी एक जुनी घातली की सीट पुन्हा कलते. रबरी बफर असेल तर त्याला नख लावा. दगडासारखा कडक झाला असेल किंवा बाजूनं चिरला असेल तर नवा घ्या. काढताना एक काळजी: ताणाच्या स्प्रिंगा बसलेल्या अवस्थेतही ताणात असतात. मूठ पूर्ण ढिली करा, सीट वरच्या टोकाला आणून लाकडी ठोकळ्यावर टेकवा, मगच हूक सोडा. स्क्रूड्रायव्हर घालून उपटू नका. सुटलेली स्प्रिंग डोळा घेते.

शॉकअपची परीक्षा हातानं होते. सीट जोरात खाली दाबा आणि सोडा. वर येऊन एखादा हेलकावा घेऊन थांबली तर शॉकअप जिवंत आहे. तीन-चार वेळा डोलली किंवा दांड्यावर तेल ओघळलेलं दिसलं तर तो संपला. त्याला भोक पाडून तेल भरणं, तापवणं, कापणं यातलं काहीही करू नका, आत दाब असू शकतो. त्याच लांबीचा आणि तेवढ्याच हालचालीचा नवा बसवा. मोटरसायकलचा शॉकअप स्प्रिंगसकट ठोकून दिलेला पुष्कळदा दिसतो. मला तो मान्य नाही. त्याची स्वतःची स्प्रिंग गाडीच्या वजनासाठी असते, ती सीटला ताठ करते आणि आपण वर मोजलेला सगळा हिशेब मोडतो.

५. खालची पत्र्याची वाटी

आता सीट ट्रॅक्टरवरून पूर्ण उतरवा. आधी बॅटरीची ऋण तार सोडा. काही मॉडेलांत बॅटरी सीटच्या जवळच असते आणि पाना दोन टर्मिनलना एकदम लागला तर ठिणगी उडते.

जुनं रेक्झिन आणि फोम काढताना हातमोजे घाला. हे मी आग्रहानं सांगतो. ऑक्टोबर छाटणीनंतर बागेत औषधांचे किती फवारे होतात ते बागायतदाराला सांगायला नको. त्या फवाऱ्याचा तुषार सीटवर बसतो, शिवणीच्या भोकांतून फोममध्ये उतरतो आणि तिथंच राहतो. घामानं ओल्या झालेल्या कपड्यातून तो पुन्हा माणसाच्या अंगाला लागतो. म्हणून जुन्या फोमवर नवं कव्हर चढवू नका, फोम कितीही चांगला दिसला तरी. आणि तो जाळूही नका; हा फोम जळताना कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडसारखा विषारी वायू सोडतो. तुकडे पिशवीत भरून कचऱ्यात द्या.

बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुना) फवारणाऱ्यांच्या वाट्या जास्त लवकर सडलेल्या दिसतात. चुना कमी पडला की मोरचूद मोकळं राहतं. त्यातलं तांबं लोखंडावर बसतं आणि त्या बदल्यात लोखंड विरघळतं. पत्र्यावर तांबूस चट्टे दिसले तर तेच झालंय.

वाटी तारेच्या ब्रशनं घासून उजेडाकडे धरा. बारीक भोकं लगेच दिसतात. मग स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं सगळीकडे, विशेषतः बोल्टांच्या भोकांभोवती, टोचून बघा. टोक आत गेलं तर तो पत्रा नाही, गंज आहे. वरवरचा गंज असेल तर पॉलिश पेपर, थिनरचं फडकं, रेड ऑक्साइड किंवा झिंक फॉस्फेट प्रायमर आणि वर इनॅमलचे दोन हात एवढं पुरतं. प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या. पत्रा आरपार गेला असेल तर सडका भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापून काढा आणि १६ गेजचा तुकडा सीओटू वेल्डिंगनं बसवून घ्या. साध्या वेल्डिंगनं पातळ पत्रा जळून भोकं पडतात. वेल्डिंग नेहमी सीट उतरवून, ट्रॅक्टरपासून लांब. ट्रॅक्टरवरच केलं तर करंट बेअरिंगमधून आणि वायरिंगमधून जातो, शेजारी डिझेल आणि हायड्रॉलिकचं तेल असतं ते वेगळंच.

रंगाआधी वाटीच्या सर्वांत खोल जागी ८-१० मिलिमीटरची दोन भोकं पाडा. पाणी आत जाणारच, ते बाहेर पडायची वाट हवी. मूळ भोकं असतात, पण रंगाच्या थरांनी आणि चिखलानं बुजलेली. हे एवढं एक काम केलं तरी पुढचा गंज निम्म्यानं लांबतो असं माझं मत आहे.

६. फोम

लोक सगळ्यात जास्त फसतात ते इथं. मऊ आणि जाड गादी म्हणजे आराम, असं वाटतं. जाड मऊ फोम बसल्या बसल्या छान वाटतो, पण दोन तासांत तळाला टेकतो. शिवाय तो स्वतःच एक ढिली स्प्रिंग असल्यासारखा माणसाला उसळवतो. हादरे जिरवायचं काम स्प्रिंग आणि शॉकअपचं. फोमचं काम वजन पसरवायचं, तेवढंच.

मी दोन थर घालतो. खाली ३ सेंटीमीटर रिबॉन्डेड फोम (फोमचे तुकडे दाबून चिकटवून केलेला), ८० ते १०० डेन्सिटीचा. तो कडक असतो आणि तळ लागू देत नाही. वर ३ ते ४ सेंटीमीटर ४० डेन्सिटीचा. एकूण ७ च्या वर नाही. थर सिंथेटिक रबराच्या डिंकानं चिकटवा: दोन्ही बाजूंना लावून, हाताला चिकटेनासा होईपर्यंत थांबून मग दाबा. मोकळ्या हवेत करा, वास डोक्यात जातो. पुढचा काठ गोल तासून घ्या. तो चौकोनी राहिला तर क्लच दाबताना मांडीखाली रुततो आणि पाय बधिर होतो. मागचे आणि बाजूचे काठ थोडे उंच ठेवा, म्हणजे सरी ओलांडताना माणूस घसरत नाही.

फोम ठेवून, शिवायच्या आधी, ट्रॅक्टरवर बसून बघा. क्लच आणि ब्रेक पूर्ण दाबताना पाठ टेकलेलीच राहिली पाहिजे. पुढे सरकावं लागत असेल तर उंची जास्त झालीय. मांडवाच्या बागेत अजून एक बघा: सीट २ सेंटीमीटर वर आली तर डोकं तारेला लागतं का.

७. रेक्झिन

जुनं कव्हर उसवून त्याचे तुकडे कागदावर उतरवा, तोच नमुना. बसायच्या भागावर मध्येच शिवण घेऊ नका. सुईचं प्रत्येक भोक पाण्याची वाट आहे. वरचा तुकडा अखंड ठेवा आणि शिवण बाजूच्या पट्टीवर, काठाच्या खाली आणा. दोरा पॉलिस्टरचा, सुती नको, तो उन्हात आणि ओलीत वर्षभरात कुजतो. फोम कव्हरपेक्षा सगळीकडून ५ ते ८ मिलिमीटर मोठा कापला की कव्हर ताणून बसतं, सुरकुत्या पडत नाहीत आणि सुरकुत्यांत पाणी साचत नाही. फोमवर पातळ प्लॅस्टिकचा कागद घालून मग कव्हर चढवा. सरकायलाही सोपं जातं आणि ओलही अडते. खालची बाजू बंद करू नका, हवा आणि पाणी तिकडूनच जाणार.

रंग काळा घेऊ नका. एप्रिलच्या उन्हात खरड छाटणीच्या वेळी त्यावर बसवत नाही.

सगळं बसवून झाल्यावर पहिले दहा-बारा तास काम झालं की सर्व बोल्ट एकदा पुन्हा आवळा, कारण नवा रंग आणि वॉशर दबून थोडी ढिलाई येते. फवारणी संपली की सीट साध्या पाण्यानं धुवा आणि ट्रॅक्टर उभा करताना ती पुढे उलटून ठेवा.

कुठं थांबायचं

सीटचा ब्रॅकेट बहुतेक ट्रॅक्टरवर गिअरच्या किंवा हायड्रॉलिकच्या बिडाच्या घराला आवळलेला असतो. त्या घराला चीर दिसली, बोल्टभोवती तेल झिरपताना दिसलं किंवा भोकातले आटे गेले असतील तर हात काढून घ्या. बिडावर साध्या रॉडनं वेल्डिंग केलं की शेजारी नवी चीर जाते; त्याला निकेलचा रॉड, आधी तापवणं आणि हळू थंड करणं लागतं. आटे गेले असतील तर मोठा बोल्ट ठोकू नका. त्यातली काही भोकं थेट तेलात उघडतात आणि लांब बोल्ट आतल्या भागाला टेकू शकतो. आट्यांची नवी बुशिंग बसवणारा ट्रॅक्टर मेकॅनिक शोधा, कुशनवाला किंवा गल्लीतला वेल्डर नव्हे.

ट्रॅक्टरला उलटण्यापासून वाचवणारी लोखंडी कमान असेल तर सीटसाठी तिच्यात भोक पाडणं किंवा तिला काही वेल्ड करणं पूर्णपणे टाळा, तिची ताकद जाते. कमानीबरोबर आलेला सीटबेल्टचा पट्टा जिथं आवळला होता तिथंच परत आवळा; ती जागा गंजली असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दाखवा.

आणि हे सगळं नीट केल्यावरही दुखणं कंबरेतून खाली पायात उतरत असेल, पायाला मुंग्या येत असतील किंवा पाऊल उचलताना जोर कमी वाटत असेल, तर सीटवर आणखी खर्च करू नका. हाडांच्या डॉक्टरांना दाखवा आणि त्यांनी सांगेपर्यंत ट्रॅक्टरवर बसू नका. लघवी अडत असेल किंवा नकळत होत असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.